आईला ग्लासगो दाखवलं तेव्हा

चारकोपच्या आमच्या घरात दोन कामं पप्पांची ठरलेली होती, पाणी भरणं आणि फोन करणं. पाणी पहाटे यायचं. पप्पा रात्रपाळी करून आलेले असोत की अंगात ताप असो, मोरीतल्या पिंपात पाइपची धार पडायची, त्यावर त्यांचं खाकरणं ऐकू यायचं आणि त्यानेच मी जागा व्हायचो. मागोमाग आईची वंदना सुरू व्हायची. आईचा आवाज जाड. लग्न होऊन वाशीमकडून मुंबईला आली त्याला जमाना झाला होता, तरी तिच्या बोलण्यातलं ‘काहून’ गेलं नव्हतं, आणि वंदनेतले पाली शब्दसुद्धा तिच्या तोंडून तिकडचं वळण घेऊनच बाहेर पडायचे. घर म्हणजे सेक्टरमधल्या बैठ्या घरांच्या ओळीतली एक खोली आणि तिच्यावर पप्पांनी स्वतः उभं राहून चढवून घेतलेला माळा. पप्पा जवळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होते. वाकडी निघालेली झाकणं ते घरी आणायचे. आमच्याकडे डबे मोजके आणि झाकणं ढीगभर, त्यातलं एकही कुठल्याच डब्याला धड बसायचं नाही. आई वैतागायची, पण एकही झाकण तिने कधी टाकून दिलं नाही.

मी पुढचं शिकायला ग्लासगोला गेलो तेव्हा पप्पांच्या फोनच्या खात्यात माझी भर पडली. ते कॉलिंग कार्ड आणायचे, नाण्याने खरवडून त्यावरचा लांबलचक नंबर मोठ्याने म्हणत म्हणत दाबायचे आणि रोज दुपारच्या चहाबरोबर मला फोन लावायचे. तिकडे माझी जेवायची वेळ असायची. अंतर लांबचं म्हणून ते ओरडून बोलायचे. “हॅलो मिल्या, तिकडे किती वाजले?” हा पहिला प्रश्न. रोज तेवढाच फरक असतो हे सांगून मी दमलो, पण त्यांनी विचारणं सोडलं नाही. मला वाटतं, वेळ विचारली की आपला मुलगा नक्की कुठे आहे हे त्यांना कळल्यासारखं व्हायचं. मित्र माझी चेष्टा करायचे. मीही कधी कधी फोन कानापासून लांब धरायचो, इतका तो आवाज मोठा असायचा.

कोर्स संपत आला आणि तिथेच पुढच्या संशोधनाची संधी मिळाली, त्या उन्हाळ्यात आई आणि शांतामावशी मला भेटायला आल्या. शांतामावशी आईची थोरली बहीण. घाटकोपरला राहायची, महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढून नुकतीच रिटायर झाली होती. लग्न केलं नाही, कुणाची भीडभाड ठेवली नाही. इंग्रजी ती बिनधास्त बोलायची, समोरच्याला कळो न कळो. पप्पा आले नाहीत. “दोघं आलो तर पाणी कोण भरणार?” असं म्हणाले, पण खरं कारण वेगळं होतं. त्यांना यायचं होतं ते माझ्या पदवीदानाला. त्यासाठी कांदिवलीच्या टेलरकडे त्यांनी सूट शिवायला टाकला होता, आयुष्यातला पहिला. “आत्ता बघून टाकलं तर तेव्हा काय बघू?” असं ते आईला म्हणाले होते.

माझे फ्लॅटमधले सोबती सुट्टीत आपापल्या घरी गेले होते, त्यामुळे घर आमचंच होतं. तिकडे उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणानंतरही लख्ख उजेड असतो. मावशीने पहिल्याच दिवशी खिडकीवर चादर ठोकली आणि म्हणाली, “ह्या लोकांच्या सूर्याला ड्यूटी संपल्याचं कोण सांगत नाही का?” आईने येताना ज्वारीचं पीठ आणलं होतं. पण विजेच्या त्या काळ्या शेगडीवर भाकरी फुगेना. आच दिसायची नाही, नुसती ऊब लागायची. आई फडक्याने भाकरी चारी बाजूंनी दाबून बघायची, उलटवायची, तोंडातल्या तोंडात काही बोलायची. फोनवर हे ऐकून पप्पा खो खो हसले. “तिकडची आग पण इंग्लिशच बोलते काय गं?” आई म्हणाली, “तुम्ही तिकडे काय जेवता ते सांगा आधी.” “झकास चाललंय,” पप्पा ओरडले, “उद्या दळण आणतो, माझ्या हाताच्या भाकरी खातो. तुझी गरजच नाही.” फोन ठेवल्यावर आई बराच वेळ हसत होती. माझ्या पप्पांचं हे मी ऐकलेलं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना तिथल्या मोठ्या संग्रहालयात घेऊन गेलो. मोठं दालन, वर उंच गॅलरीत चर्चमध्ये असतो तसा नळ्यांचा एक प्रचंड ऑर्गन, आणि एका बाजूला पेंढा भरून उभा केलेला खराखुरा हत्ती. मावशी हत्तीभोवती फिरून त्याचे पाय निरखत होती. दुपारी तिथे रोज ऑर्गन वाजवतात. लोक बाकांवर येऊन बसले, आईही एका बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. वादन सुरू झालं तसा तो आवाज फरशीतून पायात चढायला लागला. आई मान वर करून बघत राहिली, इतक्या वरून कोण वाजवतंय म्हणून. तेवढ्यात माझा फोन थरथरला. पप्पांचीच वेळ होती. मी दाराबाहेर पायऱ्यांवर गेलो आणि “पप्पा, थांबा, आईला बोलावतो,” असं म्हणालो. पलीकडे बाळूकाका होता, पप्पांचा धाकटा भाऊ.

“मिल्या,” तो म्हणाला, “दादा गेला रे.”

दुपारी पिठाच्या गिरणीवर गेले होते. तिथेच पायरीवर बसले, गरम होतंय म्हणाले, आणि कलंडले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं. काका भराभर बोलत होता, जसं काही थांबला तर त्याला पुढचं बोलता येणार नाही. “वहिनीला एवढ्यात सांगू नको. इतका लांबचा प्रवास आहे. सीरियस आहे म्हण. आम्ही थांबतो तुम्ही येईपर्यंत.” मी हो म्हणालो. मग मला आठवलं की मी जाऊच शकत नाही. व्हिसा वाढवण्यासाठी माझा पासपोर्ट कागदपत्रांबरोबर पाठवलेला होता. तो परत मागवायचा म्हटलं तरी बरेच दिवस जाणार होते. हे काकाला सांगताना माझा आवाज अगदी साधा होता, बस चुकल्याचं सांगावं तसा. आत ऑर्गन वाजतच होता.

मावशीला मी बाजूला घेतलं, चहाच्या काउंटरपाशी. “पप्पांना दवाखान्यात नेलंय,” एवढंच म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं. “मला नको शिकवू. गेले ना भाऊजी?” मी मान हलवली. तिने काउंटरची कड धरली, क्षणभर डोळे मिटले आणि लगेच तिच्यातली नर्स जागी झाली. “इंदूला विमानात बसेपर्यंत कळता कामा नये. मध्येच कुठे कोसळली तर परक्या देशात मी काय करू? मी सांगेन तिला, मुंबई जवळ आली की. तू फक्त तोंड सरळ ठेव. आणि तिकिटाचं बघ.”

वादन संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईनेही वाजवल्या. मी तिच्या शेजारी बसलो. म्हणालो, “आई, पप्पांचं बीपी वाढलंय. अ‍ॅडमिट केलंय. काळजीचं नाहीये तसं, पण काका म्हणतो तुम्ही आलेलं बरं. उद्याचं तिकीट बघतो.”

आईने पर्सची चेन उगाच उघडली आणि पुन्हा लावली.

“बरं,” ती म्हणाली.

कुठल्या दवाखान्यात, कधी, शुद्धीवर आहेत का, काही नाही. मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, इंदूच्या नीट लक्षात आलेलं नाही. मलाही तसंच वाटलं, आणि तेवढंच बरं वाटलं. मग आई म्हणाली, “म्हणजे उद्यापर्यंत वेळ आहे ना आपल्याला? मग हे हत्ती-बित्ती राहू दे. मला तुझं कॉलेज दाखव.”

त्या दुपारी मी आईला जे ग्लासगो दाखवलं ते कुठल्या पाहुण्याला कुणी दाखवणार नाही. मी नदीवरच्या बोटीबद्दल बोलायला लागलो की ती म्हणायची, ते नको. तिला मी अभ्यासाला बसतो ती लायब्ररीतली जागा बघायची होती. ती त्या खुर्चीवर बसली, टेबलावर दोन्ही हात ठेवून समोर काय दिसतं ते पाहिलं. समोर भिंत आणि आग विझवायचं लाल नळकांडं होतं. “हेच बघतोस दिवसभर?” तिने विचारलं. मग मी डबा खातो ती जागा. कपडे धुवायला जातो ते मशीनचं दुकान. तिथे ती गरगर फिरणाऱ्या कपड्यांसमोर उभी राहिली आणि विचारलं, “हे होईपर्यंत तू काय करतोस?” म्हटलं, इथे बाकड्यावर बसतो. ती त्या बाकड्यावरही बसली. मावशीचे पाय दुखायला लागले होते, ती वैतागली. “अगं इंदू, काय हे? लॉन्ड्री बघायला आलीस का सातासमुद्रापलीकडे?” आई म्हणाली, “तू बस गं. आम्ही येतो.”

भाजीचं दुकान राहिलं होतं. तिथला दुकानदार लाहोरकडचा, साठीचा, मेथी आणि कोथिंबीर त्याच्याकडेच मिळायची. आई त्याच्याशी सरळ हिंदीत बोलायला लागली. “भाईसाब, ये मेरा लडका है. इधर अकेला रहता है. दो-चार दिन नहीं दिखा तो पूछना जरा.” मी संकोचलो. आमची ओळख कोथिंबिरीपुरती होती. पण त्या माणसाने हातातलं काम टाकलं आणि म्हणाला, “आपा, आपका बेटा है तो हमारा भी है.” आईने मला त्याला पत्ता लिहून द्यायला लावला आणि मान हलवली, व्यवहार पक्का झाल्यासारखी. बाहेर आल्यावर म्हणाली, “ताप आला तर कोण बघतं रे तुला?” “येत नाही मला ताप.” “काहून नाही येणार? माणूस आहेस ना?” मग तिने मला डॉक्टरच्या दवाखान्याच्या दारापर्यंत न्यायला लावलं, नुसतं दार बघायला.

शेवटी आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो. आई म्हणाली, “इथे येतोस का कधी?” मी सांगितलं, कधीतरी, डोकं जड झालं की. “येत जा,” ती म्हणाली. बोटी जात होत्या. मी पप्पांबद्दल बोलायला लागेन म्हणून दातावर दात दाबून धरले होते. ती म्हणाली, “तुझ्या पप्पांना पाणी लई आवडतं. मार्व्याला फेरीबोटीत बसले की लहान पोरासारखं करतात.” ‘करतात’ म्हणाली ती. मी वळून दुसरीकडे पाहिलं. आज इतक्या वर्षांनंतर, माझेही केस पिकल्यावर, मी त्या बाकावरचे आम्ही दोघं आठवतो तेव्हा मला माझी नाही, तिची पाठ दिसते. किती ताठ बसली होती.

सकाळी तिची वंदना रोजच्यापेक्षा लांबली. मग तिने उरलेल्या सगळ्या पिठाच्या भाकरी केल्या, न फुगलेल्या, आणि कपड्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या. विमानतळावर बॅगा दिल्या. मावशी म्हणाली, “मी जरा बाथरूमला जाऊन येते, तू हिला सोडून हलू नको,” आणि मला डोळ्याने खूण केली. ती वळणाआड गेली तशी आईने माझ्या शर्टाची बाही धरली आणि मला खांबामागच्या खुर्चीकडे नेलं.

“आता रडून घे,” ती म्हणाली. “शांता येईपर्यंत.”

मला काही कळेना. “काय झालं, आई?”

“मला माहीत आहे रे. कालच कळलं.”

“कोणी सांगितलं?”

“कोण कशाला सांगेल? तुझे पप्पा दवाखान्यात असते तर तिथून त्यांनी मला फोन केला असता. डाळीचा डबा कुठे आहे विचारायला तरी केला असता. ह्यांची फोनची वेळ झाली आणि तू आत आलास बाळूचं नाव घेऊन. अजून काय पाहिजे?” तिचा आवाज नेहमीसारखाच जाड होता, जराही हललेला नव्हता. “आणि अ‍ॅडमिट केलंय, तुम्ही आलेलं बरं, म्हणजे काय ते मला माहीत नाही का? माझी आई गेली तेव्हा ह्यांनी मला असंच वाशीमला नेलं होतं.”

“मग काल बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू मला धरून बसला असतास. मी जाणार आज. मागे तू एकटा. तू कुठे बसशील, कुठे जेवशील, कुठे रडशील, ते मला बघून ठेवायचं होतं. नाहीतर तिकडे जाऊन मला तू दिसलाच नसतास.” तिने माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढलं. “मला तिकडे रडायला अख्खं सेक्टर आहे. तुला इथे कोण आहे? रड.”

मी रडलो. लोक बॅगा ओढत जात होते. आईच्या साडीला रात्रीच्या फोडणीचा वास होता. ती माझ्या पाठीवर थोपटत होती आणि नजर वळणाकडे ठेवून होती. “पुरे. आली ती,” असं म्हणून तिने पदराने माझं तोंड पुसलं. “शांताला कळू देऊ नको. तिला वाटतंय ती मला सांभाळतेय. तिलाही काही करायला पाहिजे ना.” मग दोघी बहिणी हातात हात घालून आत गेल्या. मावशीने आईचा दंड घट्ट धरला होता आणि आई तिला धरू देत होती.

पप्पांचा अंत्यविधी मी फोनवर ऐकला. चुलतभावाने फोन उघडा ठेवून खिशात टाकला होता. माणसांचा कालवा, कुणाची तरी खोकल्याची उबळ, मग सगळ्यांनी मिळून म्हटलेलं त्रिसरण, शेजारच्या बायकांचे हुंदके. त्यात मी आईचा आवाज शोधत होतो. तो कुठेच नव्हता. मी स्वयंपाकघरात उभा होतो आणि तोंडाने त्यांच्याबरोबर म्हणत होतो, अर्धा शब्द मागे, कारण आवाज उशिरा पोचत होता. दुसऱ्या दिवशी दुकानदार दारात आला, हातात कोथिंबिरीची जुडी. आईने सांगितलं होतं म्हणून विचारायला आलो, म्हणाला. मी त्याला आत बोलावून सगळं सांगितलं. पप्पा गेल्याचं मी स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा सांगितलं ते त्या माणसाला.

पासपोर्ट हातात आला तोवर पावसाळा सरत आला होता. मी घरी पोचलो. विमानतळावर बाळूकाका आला होता. रिक्षात म्हणाला, “वहिनी एकदासुद्धा रडल्या नाहीत बघ. सगळ्या बाया रडून रडून दमल्या, ह्या सगळ्यांना चहा करून देत होत्या. आम्हाला भीतीच वाटते.” घरी आईने मला जेवायला वाढलं, आडवं होऊ दिलं. उन्हं कलल्यावर म्हणाली, “चल. तुला दाखवायचं राहिलंय.”

आम्ही निघालो. तिने मला सगळं एकेक करून दाखवलं. त्या दिवशी पप्पा कोपऱ्यावरच्या ज्या टपरीवर थांबले ती टपरी. दवाखाना, आणि त्याच्या बाहेरचा रिक्षा थांबली तो कठडा. स्मशानातला ओटा. मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली, कुणी उचललं, अंगावर कुठला शर्ट होता, तोंड कुठल्या दिशेला होतं. तिने ते सगळं लोकांना विचारून विचारून गोळा केलं होतं, माझ्यासाठी. सगळ्यात शेवटी ती मला पिठाच्या गिरणीवर घेऊन आली. गिरणी चालू होती. आत पट्टा फडफडत होता आणि बाहेर डबे घेऊन बाया उभ्या होत्या.

“इथे बसले,” आई म्हणाली आणि पायरीवर बसली. “पाठ अशी भिंतीला टेकून. पाणी मागितलं.”

मी तिच्या शेजारी बसलो. “प्यायले का?”

“अर्धा ग्लास,” ती म्हणाली. पुढचं काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं आणि ते सांगता आलं नाही. तिचा तो जाड आवाज मध्येच फाटला. ती माझ्या गुडघ्यावर वाकली आणि रडायला लागली, इतक्या मोठ्याने की गिरणीच्या धडधडीतूनही ते ऐकू गेलं. अख्खं सेक्टर असताना ती माझी वाट बघत थांबली होती. गिरणीवाल्याने आतून पाहिलं आणि मशीन बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांपैकी कुणी घाई केली नाही. मी आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला सगळं रडू दिलं.